डेलॉसचे रहिवासी

ईजियन समुद्रांत फिरणारीं मोठीं प्रवासी जहाजें उन्हाळ्यांत मिकोनोसच्या बंदरास लागतात, आणि बहुतेक उतारू तेथील पांढरीं घरें, पवनचक्क्या व उपाहारगृहें यांतच दिवस घालवितात. आम्ही मात्र धक्क्यावरून एका लहान लाँचनें डेलॉसकडे निघालों. रस्ता अर्ध्या तासाचा. पण या दिवसांत उत्तरेकडून सुटणारा वारा असा कीं, सोबतच्या कांहीं मंडळींनीं जे डोळे मिटले ते बेट येईपर्यंत उघडले नाहींत.

डेलॉसचें क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटरांच्या आंतच आहे. किंथस नांवाची ११२ मीटर उंचीची टेकडी, आणि तिच्या पायथ्याशीं रखरखीत उन्हांत पसरलेले संगमरवराचे ढीग. फ्रेंच संशोधकांनीं १८७३ पासून येथें उत्खनन चालविलें आहे. ओळीनें बसलेले ते प्रसिद्ध सिंह आतां नुसत्या प्रतिकृति आहेत. मूळचे संग्रहालयांत नेले आहेत. त्यांचीं वर्णनें प्रवासवृत्तांत पुष्कळ सांपडतील. आम्हांस येथें सिंहांविषयीं लिहावयाचें नसून माणसांविषयीं लिहावयाचें आहे.

लेटोनें अपोलोस याच बेटावर जन्म दिला अशी ग्रीकांची श्रद्धा होती. इराणी सत्तेविरुद्ध इ. स. पूर्वीं ४७८ सालीं अथेन्सनें जो संघ उभारला, त्याचा खजिना याच देवाच्या पायांशीं ठेवला होता. ४५४ सालीं तो अथेन्सनें आपल्या घरीं नेला. पुढें अथेन्समध्यें सांथ येऊन हजारों माणसें मेलीं. सांथ आणणारा देवहि अपोलोच. तेव्हां त्याची मर्जी संपादण्यासाठीं, असें डायोडोरस सांगतो, ४२६ सालच्या हिवाळ्यांत अथेन्सकरांनीं डेलॉसची शुद्धि केली. बेटावरचीं सारीं थडगीं उकरलीं, अस्थि समोरच्या रेनिया बेटावर नेल्या, आणि फर्मान काढलें कीं, यापुढें डेलॉसवर कोणीं जन्मूं नये व कोणीं मरूं नये. थडग्यांतील शस्त्रें आणि पुरण्याची रीत पाहून थ्युसिडिडीसनें अनुमान केलें आहे कीं, त्यांतील निम्म्याहून अधिक मृत कॅरियन होते. पुराणवस्तूंवरून इतिहास काढण्याचा हा फार जुना दाखला होय. त्या अस्थींचा खड्डा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेनियावर सांपडला, आणि त्यांतील भांडीं मिकोनोसच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

सोयरसुतक आपल्या वाचकांस नवें नाहीं. पण आपल्याकडे तें घरास येतें, दहा दिवस पाळलें म्हणजे फिटतें, आणि घर होतें तेथेंच राहतें. येथें घरालाच बंदी झाली. दिवस भरलेली बाई आणि अखेरचा श्वास घेणारा म्हातारा यांस उचलून होडींत घालावें आणि रेनियावर नेऊन ठेवावें, असा नियम! खाडी अरुंद खरी. पॉलिक्रेटीसनें पूर्वीं साखळीनें दोन्ही बेटें जोडलीं होतीं असें सांगतात. तरी आम्हीं आज जो वारा अनुभवला, त्या वाऱ्यांत प्रसूतिवेदना सोसणाऱ्या बाईस ती अरुंद वाटली असेल काय? याच खाडीवर पुढें अथेन्सच्या निकियास सेनापतीनें उत्सवाच्या गायकवृंदासाठीं एका रात्रींत पूल टाकला. त्यावर सोनेरी मुलामा, रंगीत वस्त्रें, फुलांच्या माळा. प्लूटार्कनें त्याचें वर्णन मोठ्या कौतुकानें केलें आहे. बाळंतिणींसाठीं पूल टाकल्याचें कोणीं लिहिलेलें नाहीं.

प्लूटार्कनेंच एका स्पार्टनाची गोष्ट दिली आहे. डेलॉसकरांनीं त्यास आपला नियम सांगितला, तेव्हां जेथें तुमचा जन्म नाहीं आणि मूठमातीहि नाहीं, ती तुमची मायभूमि कशी, असें त्यानें विचारलें. चार वर्षांनीं अथेन्सनें हा प्रश्न आपल्या पद्धतीनें सोडविला. इ. स. पूर्वीं ४२२ सालीं, कसल्याशा जुन्या दोषामुळें हे लोकच अशुद्ध आहेत असें ठरवून सारे डेलॉसकर बेटाबाहेर घालविले. इराणी सुभेदार फार्नॅसीस यानें त्यांस आशियाच्या किनाऱ्यावर अड्रॅमिटियम येथें थारा दिला. तेथेंहि अर्सॅसीस नांवाच्या इराणी अधिकाऱ्यानें मैत्रीच्या मिषानें त्यांच्यांतील प्रमुखांस बोलावून नेलें आणि ते जेवावयास बसले असतां वेढा घालून भाले फेकून मारविलें. पुढल्याच वर्षीं, ४२१ मध्यें, लढाईंतील अपयश आणि डेल्फीचा कौल यांमुळें अथेन्सनें उरलेल्यांस परत आणलें. शुद्धाशुद्धतेचा हा हिशेब धर्मशास्त्राचा नव्हता, राज्यकारभाराचा होता, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या खेपेस त्यांचें परतणें झालें नाहीं. इ. स. पूर्वीं १६६ च्या सुमारास रोमनें ऱ्होड्सची खोड मोडण्यासाठीं डेलॉस अथेन्सच्या हवालीं केलें आणि तें जकातमाफ बंदर केलें. ऱ्होड्सचें बंदराचें उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आलें. डेलॉसकरांस चीजवस्त घेऊन निघून जाण्याचा हुकूम झाला. ते अकाइयांत गेले. रिकाम्या घरांत इटली, सिरिया, मिसर येथील व्यापारी येऊन राहिले. वाघावर बसलेल्या पंखवाल्या देवाचें चित्र खड्यांनीं जडविलेली जी फरशी पाहून आमची मंडळी थक्क झाली, ती याच लोकांच्या वैभवाची खूण. आणि माल कोणता? स्ट्राबो लिहितो कीं, एका दिवसांत हजारों गुलाम उतरवून घेऊन त्याच दिवशीं विकून रवाना करण्याची या बंदराची ताकद होती. आंकडा त्यानें फुगविला असेल. पण जेथें जन्म अमंगल आणि मृत्यु अमंगल, तेथें माणूस विकणें मात्र कोणास विटाळाचें वाटलें नाहीं.

ती पेठहि टिकली नाहीं. इ. स. पूर्वीं ८८ सालीं मिथ्रिडेटीसच्या सैन्यानें आणि ६९ सालीं चाच्यांनीं बेट लुटलें. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत पॉसानियस या प्रवाशास येथें एकहि डेलॉसकर आढळला नाहीं. होते ते देवालय राखण्यास अथेन्सनें पाठविलेले पहारेकरी.

आजहि तेथें पहारेकरी आणि उत्खननाची मंडळीच राहतात. प्रवाशांस रात्रीं मुक्कामाची परवानगी नाहीं. आमच्या लाँचचा भोंगा झाला तेव्हां आम्ही खालीं येत होतों. समोर रेनिया अगदीं हाकेच्या अंतरावर असल्यासारखें दिसत होतें, आणि मधल्या खाडींत लाटा पांढऱ्या झाल्या होत्या.