जहाजबांधणीतील खिळे व बोल्ट
जहाजबांधणीतील खिळे व बोल्ट : लाकडी जहाजाचे वासे, फळ्या व डेक परस्परांशी जखडून ठेवणारी साधने. लाकूड कितीही उत्तम असले, तरी खिळा गंजला की जोड ढिला होतो. त्यामुळे खिळ्याच्या धातूची निवड हा जहाजाच्या आयुष्याचाच प्रश्न होता. यूरोपात पूर्वापार लाकडी खुंट्या व लोखंडी बोल्ट दोन्ही वापरीत. खुंटी गंजत नाही, पण ताण सोसण्यात उणी पडते. लोखंड बळकट, परंतु ओकच्या लाकडातील टॅनिनामुळे लवकर झिजते. सागात तैलद्रव्य असल्याने त्यातील लोखंड अधिक टिकते. डेकवर खिळ्याचे डोके फळीच्या पृष्ठाखाली उतरवून वर लाकडी बूच बसवीत.

लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो या मृदुकाय प्राण्यापासून बचाव व्हावा म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या फ्रिगेटच्या तळावर तांब्याचा पत्रा जडविला. वेस्ट इंडीजमधून ती परतल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. तांबे शाबूत होते. त्याला लागून असलेले लोखंडी खिळे मात्र पार झिजले होते. काही खिळे तेवढे धड राहिले. तेथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहून गेला होता. समुद्राच्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांस टेकले, की त्यांचा विद्युत् घट बनतो आणि अधिक क्रियाशील लोखंड विरघळते. व्होल्टा यांचा विद्युत् घट १८०० मधील. तरीही दोन धातू विलग ठेवावेत, हा निष्कर्ष तपासनिसांनी अचूक काढला.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या निकडीत चार्ल्स मिडल्टन यांच्या कारकीर्दीत बहुतेक आरमारास तांबे चढविले गेले आणि लोखंडी बोल्टांचे रक्षण मधल्या कागदाच्या थरावर सोपविण्यात आले. हा भरवसा फाजील ठरला. सप्टेंबर १७८२ च्या अटलांटिकमधील वादळात अनेक मोठी जहाजे बुडाली, तेव्हा संशय बोल्टांवरही गेला. शुद्ध तांब्याचा बोल्ट ओकमध्ये ठोकताना वाकतो. वेस्टवुड व कॉलिन्स यांनी १७८३ मध्ये तांबे थंड स्थितीत खाचदार रुळांतून लाटून कठीण करण्याची एकस्वे मिळविली आणि १७८६ मध्ये नौदलाने तांब्याचे बोल्ट स्वीकारले. पुढे १८३२ मध्ये मुंट्‌झ यांचा ६०% तांबे व ४०% जस्त असलेला स्वस्त मिश्रधातू आला.

मुंबईच्या गोदीतील वाडियांच्या सागवानी जहाजांसाठीही तांबे इंग्लंडहून येई. ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेसाठी निघालेले तांबे ‘जावा’ या जहाजाबरोबर डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या हाती लागले. ‘ट्रिंकोमाली’चे आराखडेही त्याच जहाजावर होते. तरी ती फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात उतरली व आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

घराबाहेरील लाकडी डेकच्या बांधणीतही हाच प्रश्न उद्भवला. अमेरिकेत २००४ पासून निवासी बांधकामाच्या लाकडासाठी आर्सेनिकयुक्त परिरक्षकाऐवजी अधिक तांबे असलेली परिरक्षके रूढ झाली. त्यांतील तांब्यामुळे ओलसर लाकडात साधे लोखंडी वा पातळ जस्तलेपाचे खिळे लवकर गंजू लागले. म्हणून तेथे जाड जस्तलेपाचे आणि समुद्रकिनारी अगंज पोलादाचे खिळे व स्क्रू वापरतात.