ब्रिक लेन आणि परतीचे स्वप्न

लंडनच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका कोपऱ्यावर १७४३ साली एक प्रार्थनामंदिर उभे राहिले. ते फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट प्रॉटेस्टंटांचे होते. १६८५ साली चौदाव्या लुईने त्यांचे धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतले होते. तो राजा कॅथॉलिक होता, हे आपण विसरू नये. पुढे ती वास्तू मेथॉडिस्टांकडे गेली. १८९८ साली तेथे रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ साली सिल्हेटकडील मुसलमानांची मशीद. भिंतीवरचे जुने सूर्यघड्याळ मात्र तेच राहिले.

सिल्हेटचे हे लोक प्रथम इंग्रजांच्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना मजूर हवे होते, म्हणून आणखी गेले. बहुतेक पुरुष एकटेच जात; चार पैसे गाठीला बांधून गावी परतावे, हा त्यांचा बेत. १९६२ च्या कायद्याने प्रवेशावर निर्बंध आले. एकदा गेल्यावर पुन्हा येऊ देतील काय, या धास्तीने अनेकांनी बायकामुलांना तिकडेच बोलावून घेतले. ज्या कायद्याने येणाऱ्यांस अडवायचे, त्यानेच आलेल्यांस कायमचे रहिवासी केले! मात्र रहिवासी झाले म्हणून आपले मानले गेले, असे नव्हे. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण कामगाराचा तेथे वंशद्वेषातून खून झाला.

इतिहास येथवर सांगतो. बंद दाराआड काय घडले, हे सांगण्यास कादंबरीच लागते. ढाक्यात जन्मलेल्या मोनिका अली यांची ‘ब्रिक लेन’ २००३ साली प्रसिद्ध झाली. वडिलांनी ठरवलेल्या लग्नामुळे खेड्यातली नाझनीन १९८५ साली लंडनला येते. वयाने बराच मोठा असलेला तिचा नवरा चानू प्रमाणपत्रे जमवीत राहतो आणि मायदेशी परतण्याची स्वप्ने पाहतो. मुलींना मात्र लंडन हेच घर वाटते. अखेर चानू एकटाच ढाक्याला जातो. नाझनीन मुलींसह मागे राहते. नवरा ज्या देशास परदेश म्हणत आला, तेथे तिला स्वतःच्या पायांवर उभे राहता आले, हे या कथेचे मर्म आहे.

२००६ साली या कादंबरीवरील चित्रपटास तेथील काही रहिवाशांनी विरोध केला. आपल्या समाजाचे विपरीत चित्र रंगवले, अशी त्यांची तक्रार होती. ज्यांनी वंशद्वेषाचे घाव सोसले, त्यांचे मन हळवे असणारच. तरीही आम्हांस वाटते, की एका कुटुंबाची कथा ही साऱ्या समाजावरची साक्ष नव्हे. समाजाची अब्रू राखण्यासाठी घरातल्या स्त्रीने गप्प राहावे, अशी अपेक्षा कोणत्याच समाजाने धरू नये.

वाचकहो, आपल्या घरांतूनही माणसे आखातात आणि त्यापलीकडे गेली आहेत. ती कधी परततील, हे आपण नेहमी विचारतो. तेथे त्यांचे, आणि विशेषतः त्यांच्या मुलांचे, घर झाले काय, हेही कधी विचारावे.