गाडीचा सातबारा

१९७२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया नावाच्या गावातल्या एका हायस्कूलने आपली जुनी गाडी विकून टाकली. मुलांना गाडीदुरुस्ती शिकवायला उपयोगी पडेल म्हणून कुणा श्रीमंत गृहस्थाने ती शाळेला देऊन टाकलेली होती. किंमत आली ६,५०० डॉलर. त्यावेळच्या भावाने पन्नास हजार रुपयांच्या आतबाहेर. ज्याने घेतली त्याने ती ओहायोला नेली आणि मग कित्येक वर्षं ती गाडी एका ट्रेलरवर, उघड्या माळावर उभी होती. ऊन, पाऊस, बर्फ, सगळं अंगावर घेत.

ती गाडी होती फेरारी २५० जीटीओ. आज अशी एक गाडी घ्यायची तर तीन-चारशे कोटी रुपये मोजायची तयारी लागते.

मला गाड्यांमधलं यंत्र फारसं कळत नाही. पण वस्तूंच्या किमती कशा ठरतात याचं कुतूहल जुनं आहे, आणि या एका गाडीचा इतिहास वाचताना मी त्यात पुरता अडकलो. म्हणून हे लिहितोय. (आमच्या घरात 'इटालियन गाडी' म्हणजे मामांची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पण मूळची फियाट ११००! त्याच फियाटने १९६९ मध्ये फेरारी कंपनीचा अर्धा हिस्सा विकत घेतला, तेव्हा लांबून का होईना, भाऊबंदकी आहेच.)

तर जीटीओ. १९६२ ते ६४ या तीन वर्षांत अशा ३६ गाड्या बनल्या. तीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, ताकद तीनशे घोड्यांच्या आसपास. नावातला शेवटचा 'ओ' म्हणजे 'ओमोलोगातो', अर्थात शर्यतीसाठी मंजूर झालेली. मंजुरीचा नियम असा होता की अशा किमान १०० गाड्या बनवल्या पाहिजेत. एन्झो फेरारी कसले बनवतायत शंभर! ही नवी गाडी नाहीच, आमच्याच जुन्या २५० जीटीची सुधारलेली आवृत्ती आहे, असं सांगून त्यांनी मंजुरी पदरात पाडून घेतली. म्हणजे आज जिच्या दुर्मीळपणाचे एवढे पैसे पडतात, तो दुर्मीळपणा मुळात नियमातून काढलेली पळवाट आहे.

गाडीचा जन्मही सरळ झालेला नाही. तिची आखणी करणारे इंजिनियर जोत्तो बिझ्झारिनी १९६१ च्या अखेरीस इतर वरिष्ठांबरोबर कंपनीतून बाहेर पडले. काम अर्धवट राहिलं ते तरुण माउरो फोर्गिएरी आणि पत्र्याचे उस्ताद सर्जो स्काल्येत्ती यांनी पुरं केलं. पत्रा हातानेच ठोकून आकाराला आणायचा, त्यामुळे दोन गाड्या अगदी तंतोतंत सारख्या निघायच्या नाहीत.

अमेरिकेत नव्या गाडीची किंमत होती १८,००० डॉलर. नुसते पैसे असून भागायचं नाही, गिऱ्हाईक कोण आहे हे आधी बघितलं जायचं. १९६२, ६३ आणि ६४, तिन्ही वर्षं आपल्या गटाचं जगज्जेतेपद याच गाडीने फेरारीला मिळवून दिलं.

आणि मग ती म्हातारी झाली, दोन-तीन वर्षांतच! इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या गाड्यांचं युग आलं. शर्यतीची जुनी गाडी म्हणजे एकदम निरुपयोगी चीज. आवाज कानठळ्या बसवणारा, आत गरम, सामान ठेवायला जागा नाही, बाजारात जायला उपयोग नाही. लोकांनी त्या मिळेल त्या भावात काढल्या. शाळेला दिलेली गाडी हे काही दानशूरपणाचं मोठं उदाहरण नसावं, अडगळ बाहेर काढायची ती चांगली रीत असावी, असा माझा आपला अंदाज.

नंतर काय झालं? जे तरुणपणी या गाड्या कुंपणाबाहेरून बघत होते त्यांच्या हातात पैसा आला. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक जीटीओ घेतली, साधारण पस्तीस-सदतीस हजार पौंडांना. तेव्हा लोकांना ते महागच वाटलं असणार. १९८० च्या दशकात आकडे लाखांत गेले. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले, त्याच सुमारास जपानमध्ये पैशाला पूर आलेला. १९८९ मध्ये एक जीटीओ १ कोटी ३० लाख डॉलरच्या पुढे गेली! पुढे जपानचा फुगा फुटला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर भाव तीस-पस्तीस लाखांपर्यंत खाली आले. पाच-सहा वर्षांत चौथा हिस्सा. जुन्या गाड्या म्हणजे सोनं असं सांगणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

२००० नंतर मात्र चढणच. २०१२ मध्ये स्टर्लिंग मॉससाठी बनवलेली हिरवी गाडी साडेतीन कोटी डॉलरला गेली. मॉस बिचारा ती शर्यतीत चालवूच शकला नाही, त्याआधीच गुडवुडच्या अपघाताने त्याची कारकीर्द संपवली. तरी गाडीला नाव चिकटलं ते चिकटलंच. २०१४ च्या लिलावात ३ कोटी ८१ लाख, २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख (त्यावेळचे जवळजवळ ३४० कोटी रुपये). नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एक गाडी ५ कोटी १७ लाखांना गेली. मालकाने ती १९८५ मध्ये घेऊन ३८ वर्षं सांभाळली होती. गंमत अशी की अपेक्षा सहा कोटींच्या वर होती, म्हणून 'कमीच आले' अशी चर्चा झाली!

आता माझ्या मनात घोळणारा प्रश्न. एवढे पैसे नक्की कशाचे? तसा पत्रा आज कुणीही ठोकून देईल, तसं इंजिनही जुळवून देईल. हुबेहूब नकला आहेतच. किंमत आहे ती चासीवर ठोकलेल्या चार आकड्यांची. त्या नंबरामागे कुठल्या शर्यती, कोण चालक, कधी आपटली, कुणी दुरुस्त केली, कुणाकडून कुणाकडे गेली, याची सगळी नोंद असते. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतात ना, तसंच. एखाद्या फेरफाराची नोंद सापडली नाही की जमीन तीच, माती तीच, पण घेणारा मागे सरतो.

यातले वादही शेताच्या बांधासारखेच. २०१७ मध्ये ४ कोटी ४० लाख डॉलरला विकलेल्या एका जीटीओचं भांडण २०२० साली लंडनच्या हायकोर्टात पोचलं. वाद कशावरून, तर गाडीचा मूळचा गिअरबॉक्स तिसऱ्याच माणसाकडे अमेरिकेत होता आणि तो आणायचा कुणी. गाडीत दुसरा गिअरबॉक्स होता, गाडी पळत होती. पण मूळ तो मूळ.

२०१९ मध्ये तर बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओ ही कलाकृती आहे असं मान्य करून एका कंपनीला तिच्या नकला करण्यापासून रोखलं. फेरारीच्या दृष्टीने मोठा विजय. मला मात्र ते वाचून थोडं वाईट वाटलं. कलाकृती म्हटलं की पुढची पायरी काचेचं कपाट आणि 'हात लावू नये'ची पाटी. ज्या माणसांनी तो पत्रा ठोकला ते उद्याच्या रविवारची शर्यत डोळ्यापुढे ठेवून ठोकत होते. सोमवारी चेपला तर परत ठोकू, असा सगळा हिशोब.

सुदैवाने सगळेच मालक गाडी झाकून ठेवत नाहीत. दर पाच वर्षांनी जीटीओवाले जमतात आणि आपापल्या गाड्या घेऊन रस्त्यावर फिरायला निघतात. २०१८ मध्ये ज्याने ४ कोटी ८४ लाखांना विकली, त्या मालकाने २००० साली गाडी घेतल्यावर ती जुन्या गाड्यांच्या शर्यतींमध्ये पळवली होती. आणि मेसनची गाडी? १९६२ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती एकूणात तिसरी आली होती. तिच्यावर चक्क '२५० जीटीओ' अशीच नंबरप्लेट आहे. घेतल्यापासून त्याने ती गुडवुडसारख्या ठिकाणी पळवली आहे, घरच्यांच्या हातातही दिली आहे.