बाहुलीपासून रात्रपाळीपर्यंत

1911 साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका शाळेत माणसाच्या मापाची एक बाहुली आली. मार्था चेस या बाहुल्या घडवणाऱ्या बाईंनी ती बनवली होती, म्हणून तिचे नाव पडले 'मिसेस चेस'. तिला कुशीवर वळवायचे, अंग पुसायचे, चादर बदलायची. 1960 मध्ये नॉर्वेतले खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वासाच्या सरावासाठी 'रिससी ॲन' आणली. आपल्या स्किल लॅबमधले पुतळे याच घराण्यातले.

या घराण्याने हात घडवले. वॉर्ड चालवणे शिकवले नाही. वास्तविक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये व्यवस्थापनावर वेगळे प्रकरणच लिहिले आहे. आपण हजर नसतानाही काम बिनचूक कसे होत राहील, हा त्याचा गाभा. तरी हे कसब पिढ्यान् पिढ्या ड्युटीवर, चुकतमाकतच शिकले गेले.

निर्णय घेण्याचे असे कसब सरावाने शिकवण्याची रीत आली ती सैन्याकडून. 1824 मध्ये प्रशियाच्या लष्कराने राइसवित्झ यांचा नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला. 1950 च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी नॉर्मन फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 'इन-बास्केट' कसोटी तयार केली. टेबलावर पत्रांचा, तक्रारींचा ढीग आणि वेळ मोजका. आधी काय हातात घ्यायचे, ते उमेदवाराने ठरवायचे. परिचारिकांच्या वर्गात ती अशी मांडता येते: रात्रपाळी, भरलेला वॉर्ड, एक सिस्टर अचानक रजेवर, ऑक्सिजन सिलिंडर संपत आलेला, बाळंतिणीला सोलापूरला रेफर करायचे आणि दारात चिडलेले नातेवाईक. विद्यार्थिनी इन्चार्ज होते, कामे वाटते, सकाळी चार्ज देते. नंतर सगळ्या मिळून चर्चा करतात. खरे शिक्षण या चर्चेत होते, तीच घाईत उरकली जाते.

आपल्या उमरग्याला असे निर्णय परके वाटू नयेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर उद्ध्वस्त झाले. अशा वेळी कोणाला आधी हात लावायचा, कोणी थांबू शकते, कोणाला पुढे पाठवायचे, या निर्णयांवर जीव अवलंबून असतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात व्यवस्थापन व नेतृत्व हा विषय आहे, सिम्युलेशनलाही जागा आहे. महागड्या पुतळ्यांसाठी थांबायचे कारण नाही. कागदी केसपेपर, चार खाटा आणि तयारीच्या शिक्षिका पुरतात. उमरगा परिसरातल्या नर्सिंग शिक्षकांनी दर 30 सप्टेंबरला असा एक सराव जरूर घ्यावा.