परवलीचा शब्द आणि देवनागरी : लिनक्स-स्थापनेतील एका पर्यायाचा इतिहास

लिनक्स प्रणाली संगणकावर स्थापित करताना परवलीच्या शब्दाविषयी, म्हणजेच पासवर्डविषयी, जे पर्याय पुढे येतात ते सामान्यतः केवळ तांत्रिक मानले जातात. वस्तुतः त्यांतील बहुतेक पर्याय जुन्या अनुभवांचे अवशेष आहेत. तो अनुभव रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचा असल्यामुळे मराठी वापरणाऱ्यास त्याचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त होते.

१९७९ साली रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी युनिक्सवरील पासवर्ड-संरक्षणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मूळ शब्द न साठविता त्याचे उलट न फिरविता येणारे रूपांतर तेवढे साठवावयाचे, हे त्या पद्धतीचे सूत्र होते. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१ अत्यंत तोकडे किंवा शब्दसूचीत सहज सापडणारे निघाले. तथापि, ही रूपांतरे ज्या फाइलमध्ये असत ती कोणासही वाचता येत असे. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस यांच्याच पुत्राने सोडलेल्या 'वर्म'ने ४३२ शब्दांची यादी लावून अनेक खात्यांचे पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न केला. केवळ प्रशासकास वाचता येणाऱ्या 'शॅडो' फाइलचे महत्त्व अशा अनुभवांतून पटले.

जुन्या पद्धतीत आणखी एक मर्यादा होती. पासवर्डचे पहिले आठ बाइटच विचारात घेतले जात. पुढील भाग निमूटपणे वगळला जाई. १९९० च्या दशकात आलेल्या एमडी-५ पद्धतीने ही मर्यादा दूर केली. त्या दशकाच्या अखेरीस रेड हॅट लिनक्सच्या स्थापनेत 'शॅडो' व 'एमडी-५' हे दोन्ही पर्याय विचारले जात. जुन्या युनिक्स यंत्रांशी पासवर्ड सामायिक ठेवावयाचे असल्यास मात्र जुनीच पद्धत ठेवावी लागे.

या तडजोडीचा परिणाम देवनागरीत फार निराळा होतो. टॉम्प्सन यांनी १९९२ साली रॉब पाइक यांच्यासह रचलेल्या यूटीएफ-८ संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. आठ बाइटांत दोन चिन्हे पूर्ण बसतात. तिसऱ्याचा शेवटचा बाइट गळतो. त्यामुळे जुन्या पद्धतीत 'स्वराज्य' हा पासवर्ड ठेवल्यास 'स्नेह' या शब्दानेही खाते उघडेल, कारण दोहोंचे पहिले आठ बाइट एकच आहेत. आठ लहान रोमन अक्षरांचे सुमारे २०,८८२ कोटी पर्याय होतात. देवनागरीत मात्र शब्द कितीही लांब असला तरी ३२,७६८ हून अधिक भेद संभवत नाहीत.

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा नव्हता. १९८५ साली स्थापन झालेल्या एन.सी.एस.टी. या मुंबईच्या संस्थेने लिनक्सवर भारतीय लिपी आणण्यासाठी 'इंडिक्स' हा प्रकल्प हाती घेतला. २००३ साली ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. नवी मुंबईत खारघर येथे तिचा एक परिसर आहे. अशा प्रयत्नांमुळे पडद्यावर मराठी अवतरली, परंतु प्रवेशद्वाराची भाषा रोमनच राहिली. डेबियनच्या स्थापनेत रोमनेतर कळफलक निवडल्यास रोमनकडे वळण्याची कळ ठरवावी लागते. ती ध्यानात न राहिल्यास अचूक पासवर्डही नाकारला जातो, व दोष स्मरणशक्तीवर येतो.

म्हणून अडचण आल्यास प्रथम कळफलक तपासावा; नंतर 'शॅडो' फाइलमधील नोंद पाहावी. आरंभीच्या दोन डॉलर-चिन्हांमध्ये १ हा अंक असल्यास ती एमडी-५ ची, ६ असल्यास शा-५१२ ची, आणि रोमन वाय असल्यास डेबियनने २०२१ पासून स्वीकारलेल्या येस्क्रिप्टची होय. अवघी तेरा चिन्हे असून डॉलर मुळीच नसेल, तर आठ बाइटांची जुनी पद्धतच चालू आहे असे समजावे. केवळ पर्याय बदलल्याने जुनी नोंद बदलत नाही. मूळ शब्द प्रणालीपाशी नसतोच. प्रत्येकास पासवर्ड नव्याने द्यावा लागतो. सुसंगतीसाठी राखलेली सवलत धोका केव्हा बनते, हे यंत्र आपण होऊन सांगत नाही. ते त्या पर्यायाच्या इतिहासावरूनच ओळखावे लागते.