वेलाचा हुकलेला ठोका

१२ डिसेंबर २०१६. टास्मानियात होबार्टजवळची माउंट प्लेझंट वेधशाळा. वेळा पृथ्वीवरच्या आहेत. घटना नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच घडून गेली, तिच्या रेडिओलहरी आज पोचणार आहेत.

२४ तास आधी
वेला पल्सार, म्हणजे फिरता फिरता रेडिओस्पंदनं सोडणारा न्यूट्रॉन तारा, सेकंदाला अकराहून थोड्या जास्त गिरक्या घेतोय. एका गिरकीला ८९ मिलिसेकंद लागतात आणि त्यात दिवसाला सुमारे ११ नॅनोसेकंदांची भर पडतेय. चुंबकीय क्षेत्रापायी त्याची ऊर्जा सतत खर्च होतेय.

१२ तास आधी
ताऱ्याचं कवच मंदावतंय, पण कवचात मुरलेला न्यूट्रॉनांचा द्रव मंदावत नाही. हा सुपरफ्लुइड, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा द्रव, असंख्य सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपात फिरतो. त्याचा वेग उतरायचा तर भोवरे बाहेर सरकायला हवेत आणि ते तर अणुकेंद्रकांच्या जाळीत अडकलेत. फिलिप अँडरसन आणि नाओकी इतो यांनी १९७५ साली मांडलेली ही कल्पना आजही या विषयाचा पाया आहे. दर तासाला कवच आणि द्रव यांच्या वेगांमधली तफावत वाढतेय.

६ तास आधी
२६ मीटरचा अँटेना वेलावर रोखलेला. खगोलशास्त्रज्ञ जिम पाल्फ्रेमन यांनी या एकाच ताऱ्याचा पिच्छा पुरवलाय. वेलाचा पहिला ग्लिच, म्हणजे गिरकीचा वेग अचानक वाढण्याची घटना, १९६९ साली पार्क्स दुर्बिणीवर व्ही. राधाकृष्णन आणि रिचर्ड मँचेस्टर यांना सापडला, पण तो दोन निरीक्षणांमधल्या आठवड्यात कधीतरी होऊन गेला होता. नेमका क्षण पकडायचा तर अखंड पहारा हवा. असल्या चिकाटीचं मोल मला कुठल्याही नव्या यंत्राहून जास्त वाटतं.

१ तास आधी
मागचा मोठा ग्लिच २०१३चा. वेलाला साधारण तीन वर्षांनी असा झटका येतो, म्हणजे वेळ भरत आलीय. पण कुठलीही चाहूल नाही.

शेवटचे काही क्षण
गती किंचित उतरते. ग्रेग अ‍ॅश्टन आणि सहकाऱ्यांना हे २०१९ साली याच नोंदी पुन्हा तपासताना दिसलं, आणि ते कुणाच्याच अपेक्षेत नव्हतं. बहुधा याच उताराने तफावत कडेलोटाला नेली.

शून्य
होबार्टमध्ये रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत. एक स्पंदन नेहमीपेक्षा रुंद येतं. पुढचं येतच नाही. त्यानंतरच्या दोन स्पंदनांचं ध्रुवीकरण विलक्षण कमी. मग २.६ सेकंद स्पंदनं उशिरा येत राहतात. हादरा बाहेरच्या चुंबकावरणापर्यंत पोचलाय. आत भोवरे सुटतात आणि साठलेली फिरकी कवचाला मिळते. गिरकीचा काळ सुमारे १२८ नॅनोसेकंदांनी घटतो. जवळपास बारा दिवसांची मंदगती १३ सेकंदांच्या आत पुसली जाते.

१ मिनिटानंतर
वेग गरजेपेक्षा जास्त चढला होता, तो आता खाली येतोय. कवचाला मिळालेली फिरकी ताऱ्याचा गाभा थोड्या उशिराने वाटून घेतोय, असा याचा अर्थ लावला जातो. कवच आणि गाभा एकमेकांना किती घट्ट जखडलेत, हे या एका मिनिटातून मोजता येतं. पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत इतकं दाट द्रव्य साठवून त्याची अशी परीक्षा घेता येत नाही.

एवढी फिरकी साठवायला एकटं कवच पुरतं का, यावर मात्र वाद आहे. नील्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की द्रव जाळीबरोबर ओढला जात असेल, तर गाभ्याचाही हातभार लागतो. हा वाद मिटवायला आणखी ग्लिच असेच रंगेहाथ पकडायला हवेत. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीवरूनही पल्सारांच्या ग्लिचांवर नजर ठेवली जाते.