वाशीम जिल्ह्यातील बंजारा मतदार आणि पक्षनिष्ठा

बंजारा समाज हा वाशीम जिल्ह्याच्या व एकूणच पश्चिम विदर्भाच्या राजकारणातील प्रभावी मतदारगट आहे. मूळच्या भटक्या व पुढे तांड्यांत स्थिरावलेल्या या समाजाच्या पक्षनिष्ठेला नेतृत्वाइतकाच कायद्यानेही आकार दिला आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान असल्याने सर्वच पक्षांचे नेते तेथे येतात.

पार्श्वभूमी

बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेणे हा बंजारा समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वे व पक्के रस्ते आल्यावर तो मोडकळीस आला आणि अनेक तांडे शेती व मजुरीकडे वळले. ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. हजेरी देणे व गाव सोडताना परवाना घेणे त्यांना बंधनकारक झाले. देशाच्या काही भागांत बंजारा समाजातील गटही या कायद्याखाली आले. पहिली सार्वत्रिक निवडणूक (१९५१–५२) केंद्रीय कायदा रद्द होण्यापूर्वीच पार पडली. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो.

कायदेशीर वर्गीकरण

एकाच समाजाचा दर्जा राज्याच्या सीमेनुसार बदलतो. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात असून या प्रवर्गास ३ टक्के आरक्षण आहे. तेलंगण व आंध्र प्रदेशात हा समाज अनुसूचित जमातीत, तर कर्नाटकात अनुसूचित जातीत मोडतो. विमुक्त जातींसाठी विधानसभेत किंवा लोकसभेत राखीव जागा नाहीत. त्यामुळे विधिमंडळातील प्रतिनिधित्वासाठी समाजाला पक्षाच्या उमेदवारीवर अवलंबून राहावे लागते.

काँग्रेसशी जवळीक

पुसद तालुक्यातील गहुली येथील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. त्यांच्यामुळे समाज काँग्रेसशी घट्ट जोडला गेला. १९७७ मध्ये ते वाशीम लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. १९८० व १९८४ मध्ये याच मतदारसंघाने जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद यांना निवडून दिले. बाहेरच्या उमेदवाराचा हा दुहेरी विजय त्या काळातील पक्षनिष्ठेची खोली दाखवतो. सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते व १९९८ मध्ये वाशीमचे खासदार झाले.

निष्ठेतील बदल

१९९६ मध्ये शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी वाशीममधून विजयी झाले. १९९९ पासून भावना गवळी सलग पाच वेळा निवडून आल्या. मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ पासून हा मतदारसंघ यवतमाळ–वाशीम झाला. बंजारा नेतृत्वही विविध पक्षांत विखुरले. हरिभाऊ राठोड २००४ मध्ये भाजपकडून यवतमाळचे खासदार झाले, तर संजय राठोड हे शिवसेनेचे दिग्रसचे आमदार व मंत्री आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत मात्र यवतमाळ–वाशीममधून शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे संजय देशमुख विजयी झाले होते.

हंगामी स्थलांतर व मतदार यादी

तांड्यांवरील अनेक कुटुंबे ऊसतोडणी, वीटभट्टी व बांधकामासाठी काही महिने बाहेर जातात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार तात्पुरत्या गैरहजेरीमुळे सर्वसाधारण रहिवासी हा दर्जा जात नाही. नाव यादीत राहते, परंतु मतदानासाठी गावी परतावे लागते. मजुरी बुडवून प्रवास करणे सर्वांना परवडत नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरित मतदारांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता.

अनुसूचित जमातीची मागणी

मराठा समाजासंदर्भात हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला. त्यानंतर बंजारा समाजाने त्याच गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी तीव्र केली. आदिवासी संघटनांचा तिला विरोध आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत बदल करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३४२ नुसार संसदेला असल्याने हा प्रश्न राज्यापुरता मर्यादित राहत नाही.

तुलना

कायद्यामुळे मतदारगटाची निष्ठा बदलल्याचे बहुचर्चित उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे आहे. तेथे १९९४ मध्ये कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना सार्वजनिक सेवा नाकारणारा ‘प्रस्ताव १८७’ रिपब्लिकन गव्हर्नरच्या पाठिंब्याने मंजूर झाला. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली, तरी त्यानंतर लॅटिनो मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकले, असे अनेक अभ्यासक मानतात. वाशीममधील बंजारा मतदार मात्र परदेशी स्थलांतरित नाहीत. ते देशाचेच नागरिक असून त्यांचा प्रश्न दर्जा व प्रतिनिधित्वाचा आहे.